पहिल्या माळेचं पाणी

१

मिठाची पेटी उघडली तेव्हा गोजरबाई दारातच उभी होती. हातात हळदकुंकवाचं ताट. खंडेनवमी होती, आणि नगरच्या नव्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात सकाळपासून लेथला, ड्रिलला, पान्यांना नि हातोड्यांना झेंडूची फुलं वाहणं चाललं होतं.

पेटीत फौजेच्या वायरलेस सेटचे तीन डबे टांगलेले होते, चाळीसांच्या खेपेतले नमुन्याचे. ॲल्युमिनियमचे, म्हणजे गोजरबाईच्या भाषेत जर्मनचे. सात दिवस रात्रंदिवस त्यांच्यावर खाऱ्या पाण्याचं धुकं सोडलं होतं. सात दिवस तगला तो डबा सीमेवर जाणार, नाही तगला तर भंगारात, असा साधा हिशेब. गोजरबाईने त्यांना चढवलेला सोनेरी थर आजवर एकदाही हरला नव्हता.

तपासणीसाठी पुण्याहून आलेल्या देवळालीकर साहेबांनी पहिला डबा बाहेर काढला आणि उजेडाला धरला. सोनेरी पत्र्यावर खालच्या काठाने पांढरे फोड उठले होते. आतून पत्रा पोखरला होता. दुसरा डबा तसाच, तिसराही तसाच.

"चाळीसच्या चाळीस डबे बाद," साहेब म्हणाले. "लढाई संपून वर्ष नाही झालं, आणि हा माल आम्ही जवानांच्या हातात द्यायचा?"

मॅनेजर विष्णुपंत जोर्वेकर तयारच होते. त्यांनी खिशातून टाइप केलेला कागद काढला. संगमनेरकडचा हा गृहस्थ बोलायला मोठा गोड, आणि कागदाला त्याहून पक्का.

"साहेब, मला संशय होताच. टाक्यांवर ही बाई असते. डोक्याला तेल चोपडते आणि त्याच हातांनी माल धरते. दहा वेळा सांगून झालं. आता हे मुद्दाम केलं की आळसाने, ते पोलीस ठरवतील."

पोलीस म्हटल्यावर लेथवरच्या माणसांचे हात थांबले. फौजेच्या मालात घातपात! कर्जतच्या कोरड्या रानातून दोन वर्षांपूर्वी नगरला आलेल्या बाईला त्या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचा थोरला, गोरक्ष, फौजेत वायरलेसवरच होता. आईने डबे नासवले ही बातमी त्याच्या पलटणीत पोचली की त्या पोराने तोंड कुठे लपवायचं?

तिने ताट खाली ठेवलं.

"साहेब, तुमची जीप किती वाजता?"

"चार वाजता. का?"

"मग चारपत्तुर मी हितंच हाय. त्या आधी कागदावर सही करू नका. डबे कुनी नासवले ते मी दाखवते."

विष्णुपंत हसले. गोजरबाईला ते हसू चांगलंच झोंबलं, आणि खरं सांगायचं तर तिथूनच विष्णुपंतांचे दिवस फिरले.

२

"तेल लागलेल्या हाताचं काय हुतं ते आधी बघा," म्हणत तिने भंगारातल्या तीन पट्ट्या उचलल्या.

टाक्यांची रांग भिंतीला लागून होती. सोडा, पाणी, तेजाब, पाणी, मग सोनेरी टाकी, आणि शेवटी धुण्याचं स्वच्छ पाणी. तिने रबरी हातमोजे चढवले आणि तिन्ही पट्ट्या पहिल्या चार टाक्यांतून काढल्या. मग एक मोजा उतरवून अंगठा आपल्या केसांवरून फिरवला, एका पट्टीवर दाबला, आणि तिन्ही पट्ट्या सोनेरी टाकीत सोडल्या.

कारखान्याची केमिस्ट नीलांबरी खरवंडीकर हे बघत उभी होती. कॉलेजातून थेट इथे आलेली ही पोरगी पहिल्या महिन्यात पुस्तकातून काम शिकवायची. दुसऱ्या महिन्यापासून गोजरबाईकडून शिकायला लागली.

"यात रंग लावल्यासारखं वरून काही बसत नाही, साहेब," तिने समजावलं. "पत्र्यावर हवेने धरलेली जुनी कातडी आधी तेजाबाने काढायची. मग या टाकीतलं आम्ल पत्र्याला चावतं. पत्र्याचा किंचित अंश विरघळतो, आणि तिथल्या तिथे पत्रा नि क्रोम मिळून नवी कातडी तयार होते. पत्रा स्वतःच बदलतो. म्हणून आम्लाला पत्र्यापर्यंत पोचता आलं पाहिजे."

तीन मिनिटांनी पट्ट्या वर आल्या. पहिली सोन्यासारखी झळाळत होती, मात्र मधोमध अंगठ्याएवढा पांढरा पत्रा उघडाच राहिला होता. तेलाने आम्लाला तिथे शिवूच दिलं नव्हतं.

"हा तेलाचा हात," गोजरबाई म्हणाली. दुसऱ्या पट्टीवरून तिने ओली असतानाच मोजा घातलेलं बोट ओढलं. सोनेरी थर सायीसारखा पुसला गेला. "आन् ही कच्च्यात केलेली घिसाडघाई. एक दिस सुकल्याबिगर ह्याला हात लावायचा नसतो. तिसऱ्या पट्टीला कुनी शिवलेलं न्हाई. आता तुमचे डबे बघा. हायेत का कुटं बोटं? हाय का कुटं पुसलेलं?"

देवळालीकरांनी भिंगातून डबा न्याहाळला. सोनं सगळीकडे सारखं चढलं होतं. उघडा पत्रा नव्हता, ओरखडा नव्हता. फोड होते ते फक्त खालच्या काठाला, ओळीने.

"डबे मी वरच्या काठाला हुक लावून टांगते," ती म्हणाली. "पानी निथळून शेवटचा थेंब खालच्या काठाला लोंबतो आन् तितंच सुकतो. फोड बी तितंच. म्हंजे सोनं नीट चढलं, आन् मंग शेवटच्या धुन्याच्या पान्यानं घात केला."

नीलांबरी चमकली. "खारं पाणी! थर कच्चा असताना त्यात मीठ सुकलं, तर तिथून तो फुटणारच."

"अशक्य!" विष्णुपंत मध्येच म्हणाले. "पाणी मुळा नदीचं, टँकरने आणलेलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी टँकर आला तेव्हा मी स्वतः उभं राहून हौद भरून घेतला. खात्री नसेल तर तपासा."

नीलांबरीने हौदाचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि तपकिरी बाटलीतून चांदीच्या औषधाचे दोन थेंब टाकले. मीठ असतं तर पांढरं दही पडलं असतं. पाणी जवळजवळ तसंच राहिलं, किंचित धुरकट.

"हे आजचं पाणी झालं," देवळालीकर म्हणाले. "डबे धुतले पहिल्या माळेला, आणि आज नववी माळ. त्या दिवशीचं पाणी तुम्ही कुठून आणणार, बाई?"

घड्याळात साडेअकरा वाजले होते.

३

तिने आधी नीलांबरीलाच गाठलं. माया वेगळी आणि चौकशी वेगळी.

"ताई, रोज सकाळी पानी तपासता. पहिल्या माळेला तपासलं हुतं?"

नीलांबरीचा चेहरा उतरला. "त्या दिवशी घरी घट बसायचे होते. मी रजा मागितली. जोर्वेकर साहेब म्हणाले, जा खुशाल, एका दिवसाने काय होतंय. एरवी अर्धी रजा द्यायलाही कुरकुरतात."

गोजरबाईने ते मनात ठेवलं आणि फाटकाकडे निघाली. तिथे चौकीदार सहादेव स्टुलावर बसला होता. ती आली तसा तो उभा राहिला आणि विचारायच्या आधीच घाबरला.

"अक्का, मी कायबी केलं न्हाई."

"मग घाम कशाचा सुटलाय? हौदाला हात कुनी लावला, सांग."

सहादेवने इकडेतिकडे पाहिलं आणि हात जोडले. त्या साली सगळा जिल्हा पाण्यासाठी वणवण करत होता. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया सकाळी फाटकाशी हंडे घेऊन यायच्या, आणि सहादेव त्यांना हौदाच्या नळाने दोन हंडे भरून द्यायचा. चोरीच म्हणायची तर ती चोरी होती. पण ते कबूल करताना त्याची मान खाली गेली नाही, हे गोजरबाईने पाहिलं आणि तिला तो माणूस आवडला.

"दोन हंडे काढल्यानं पानी कमी हुईल, खारं न्हाई हुनार," ती म्हणाली. "पुढं बोल."

"पुढं काय न्हाई."

"हाय. तुजं तोंड सांगतंय."

फाटकाबाहेर लिंबाखाली खडी फोडणारी साळूबाई कान देऊन ऐकत होती. तिने हातोडी खाली टाकली.

"मी सांगते. पहिल्या माळेला ह्या दादानं हंडा भरून दिला. म्या घोट घेतला आन् थुकून दिलं. निस्तं मचूळ! ह्या कारखान्यामागल्या विहिरीवानी. दुसऱ्या दिशी बघते तर हौदाचं समदं पानी गटारात सोडलेलं. आमी घोटाघोटाला मोताद, आन् हितं हौद धुत्यात!"

गोजरबाई जागच्या जागी उभी राहिली. दुष्काळात भरलेला हौद ओतायचा? असं कोण करेल? पाणी कुणाच्या कामाचं नसेल, किंवा ते पाणी कुणी पाहू नये असं वाटत असेल, तरच.

"हौद कुनी सोडाया लावला, सहादेव?"

सहादेवने जमिनीकडे पाहिलं. "जोर्वेकर साहेबांनी. नवरात्राची सफाई म्हनले."

ती साळूबाईला घेऊन थेट देवळालीकरांपुढे उभी राहिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण मान हलवली.

"बाई, मला तुमचं पटतंय. पण फौजेचा माल कुणाच्या जिभेच्या चवीवर ठरत नाही. मला पाणी दाखवा."

"आणि सफाई हा गुन्हा आहे का?" विष्णुपंत म्हणाले. "सण आहे. मी देवाधर्माचा माणूस."

पाणी तर गटारात जाऊन सात दिवस झाले होते. दोन वाजले होते. गोजरबाई कारखान्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली, जिथे भवानीच्या तसबिरीपुढे घट बसवला होता. मातीत पेरलेलं धान्य वीतभर उगवलं होतं. मधोमध तांब्याचा कलश, त्यावर विड्याची पानं आणि नारळ, आणि वर टांगलेल्या नऊ माळा. देवीकडे काही मागावं म्हणून ती बसली नव्हती. तिला नुसता राग आला होता.

मग तिची नजर कलशावर गेली आणि ती उठली.

४

"साहेब, पानी सापडलं."

सगळे जमले. ती घटापुढे उभी होती आणि बोट कलशाकडे होतं.

"पहिल्या माळेला हा कलश कुनी भरला?"

"मी," विष्णुपंत म्हणाले. "दरवर्षी मीच भरतो. सगळ्यांसमोर भरला."

"कुटल्या नळाचं पानी?"

लेथवरचा एक जण मागून म्हणाला, "हौदाच्या. आम्ही समदे हुतो की."

"तवापासून नारळ कुनी हलवला?"

कुणीच नाही. घट बसल्यावर तो उठेपर्यंत हलवायचा नसतो. नऊ दिवस त्या कलशाला चोराचाही हात लागला नसता. पहिल्या माळेचं पाणी जसंच्या तसं तिथे बसलं होतं, आणि ते भरणारा हात खुद्द मॅनेजरचा होता.

"खबरदार!" विष्णुपंत आडवे आले. त्यांचा गोड आवाज फाटला. "घट उद्या दसऱ्याला उठायचा आहे. त्याआधी हात लावाल तर देवीचा कोप होईल. साहेब, हा अधर्म आहे!"

देवळालीकर थबकले. त्यांच्याही घरी घट होता. कामगारांत कुजबुज झाली, दोघांनी नमस्कारही केला. गोजरबाईनेही आयुष्यात कधी बसलेल्या घटाला हात लावला नव्हता. पण सात दिवसांपूर्वी हौद ओतताना ज्याला तहानलेल्या बायांची तोंडं आठवली नाहीत, त्याने तिला धर्म शिकवावा?

"कोप माज्यावर हुईल, तुमाला कशाची काळजी?" ती म्हणाली. "देवी हाय म्हनूनच हात लावते. नऊ दिस ह्या लबाडीची राखन तिनं केलीय, आज साक्ष बी तीच दील. सरका साहेब. न्हाई सरकलात तरी मी काढनार हाय."

ते सरकले नाहीत. ती त्यांच्या कोपराखालून वाकली, कपाळाला हात लावला आणि दोन्ही हातांनी नारळ उचलला.

नीलांबरीने कलशातलं पाणी पेल्यात घेतलं. चांदीच्या औषधाचा पहिला थेंब पडला, आणि तो पडला तिथेच पांढरा झाला. दुसऱ्या थेंबाला पेल्यात दही साकळलं.

"त्यात सुपारी आहे, पैसा आहे, अक्षता आहेत!" विष्णुपंत ओरडले. "नऊ दिवस कुजलंय ते. त्याचं झालं असेल!"

"रास्त शंका आहे," देवळालीकर म्हणाले. "बघू या."

नीलांबरीने आणखी दोन पेले मांडले. एकात आजचं हौदाचं पाणी घेऊन पूजेच्या ताटातली सुपारी, पैसा आणि अक्षता टाकल्या. दुसऱ्यात कारखान्यामागच्या विहिरीचं पाणी. तासभर सगळे घड्याळाकडे बघत बसले. मग थेंब पडले. सुपारीचं पाणी नुसतं धुरकटलं. विहिरीच्या पाण्यात दही पडलं, अगदी कलशातल्यासारखं.

देवळालीकरांनी तिन्ही पेले खिडकीत, उजेडात धरले. जीपच्या ड्रायव्हरने बाहेरून हॉर्न दिला, पण कुणी लक्ष दिलं नाही.

५

"आता माजं ऐका," गोजरबाई म्हणाली. "मॅनेजर साहेब म्हनले, आदल्या दिशी मी सोता उभं ऱ्हाऊन हौद भरला. मुळेचं पानी. मंग दुसऱ्या दिशी त्याच हौदातनं, त्यांच्याच हातानं भरलेलं पानी विहिरीचं कसं निघालं? म्हंजे मुळेचं पानी हौदात आलंच न्हाई. भिंतीवर पाटी हाय, विहिरीचं पानी वापरू नका म्हनून. मला वाचता येत न्हाई, तरी ठावं हाय. ताई पानी तपासत्यात, म्हनून त्याच दिशी ताईंला रजा. आन् काम झाल्यावर हौद गटारात. समद्याची सफाई झाली. ऱ्हायला एक कलश. यांना वाटलं, देवीला काय, कसलंबी पानी चालतं."

"टँकर आला होता!" विष्णुपंत म्हणाले. "विचारा चौकीदाराला."

"विचाराच," ती म्हणाली आणि सहादेवकडे वळली. "सहादेव, तू दोन हंडे दिले ते तोंड वर करून सांगितलंस. आता हे बी सांग."

सहादेवने टोपी काढली, पुन्हा घातली. मग तो सरळ उभा राहिला.

"टँकर आल्ता. फाटकातनंच साहेबांनी फिरवला. पुन्याच्या रस्त्याला त्यांची मोसंबीची बाग हाय, तितं रिता केला. मला म्हनले, हौदात विहिरीचा पंप सोड, एक दिसानं काय फरक पडतोय. बोललास तर हंड्याची चोरी तुज्या नावावर. मी भ्यालो. आता न्हाई भेत."

दाराबाहेर साळूबाई चौकटीला धरून उभी होती. मोसंबी म्हटल्यावर ती विष्णुपंतांकडे बघत राहिली. आख्ख्या नगर तालुक्यात बागा वाळून सरपण झाल्या होत्या, आणि यांची हिरवी का, ते आता कळलं होतं.

विष्णुपंत खुर्चीत बसले. त्यांचा गोड आवाज परत आला.

"गोजरबाई, झालं गेलं. माझी चूक झाली म्हणा. उरलेले डबे परत तेजाबात सोलून घेऊ, नवा थर चढवू, माल पास होईल. हा कागद मी फाडून टाकतो. तुम्ही उद्यापासून कामावर या. उगाच कशाला वाढवायचं?"

त्यांनी कागद फाडायला हातात घेतलासुद्धा. गोजरबाईने तो काढून घेतला.

"फाडायचा न्हाई. माजं नाव ह्याच कागदावर लागलंय, ह्याच कागदावर निघंल. खाली लिवा, पानी मी बदललं म्हनून. सही करा."

"वरती शेठना काय सांगू मी?"

"ते तुमी बघा. माजा पोरगा सीमंवर असला डबा खांद्याला लावून बसतो. त्याचा आवाज आला न्हाई तर पलटन कुटं जाईल? आन् त्याच्या आईनं डबा नासवला म्हनून तुमी टायपानं लिवलंय! त्ये फाडून जातंय व्हय?"

विष्णुपंतांनी देवळालीकरांकडे पाहिलं. साहेबांनी आपलं पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"लिहा," ते म्हणाले. "माझ्या अहवालाला हा कागद जोडायचा आहे."

विष्णुपंतांनी लिहिलं. तीन ओळींना बराच वेळ लागला. सही झाल्यावर त्यांनी कागद पुढे सरकवला आणि उठायला लागले.

तोवर गोजरबाईने नारळ कलशावर परत ठेवून नमस्कार केला होता. सकाळपासून तसंच पडलेलं ताट उचलून तिने सहाही टाक्यांना हळदकुंकू लावलं, आपल्या हुकांना लावलं, हातमोज्यांनाही लावलं. मग ती विष्णुपंतांसमोर येऊन उभी राहिली. मागे लेथवरची माणसं, नीलांबरी, सहादेव, आणि दारातून आत आलेली साळूबाई.

"बसा साहेब, अजून झालं न्हाई," ती म्हणाली. "वाचा. समद्यांना ऐकू जाईल असं वाचा. मला अक्षर येत न्हाई, पन ऐकाया येतं."

आणि विष्णुपंतांनी वाचलं. आवाज बारीक निघाला तेव्हा तिने त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

मग तिने मोजे चढवले आणि उरलेल्या डब्यांतला पहिला डबा सोलायला तेजाबात सोडला.